मालक, पाणी जड आहे!

रविवारी सकाळी साडेसातला फोन. पलीकडे प्लंबर. "मालक, गिझरची कॉइल गेली. पाणी जड आहे, क्षार धरलाय. नवीच टाकावी लागेल."

मला या जगात तीनच माणसं मालक म्हणतात. प्लंबर, दलाल आणि सोसायटीचा वॉचमन. तिघांचंही पुढचं वाक्य पैशाचं असतं. कचेरीत मला कुणी मालक म्हणण्याचा प्रश्न नाही आणि घरी तर विषयच काढत नाही.

हा मान मिळाला धानोरीतल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमुळे. किंमत ७५ लाख. त्यातले १५ माझे, ६० बँकेचे. खरेदीखताची मूळ प्रत बँकेच्या तिजोरीत, चावी भाडेकरूच्या पर्समध्ये, पार्किंगच्या जागेत चेअरमनच्या भावाची गाडी आणि गिझर माझा. मालकी हक्काची वाटणी साधारण अशी झालेली आहे.

घेतला कसा? दाजींमुळे. प्रत्येक घरात एक दाजी असतात. स्वतःचे पैसे पोस्टात, सल्ला मात्र कोट्यवधींचा. पुरणपोळीवर तूप घेता घेता दाजी म्हणाले, "एक फ्लॅट घेऊन टाक. भाडेकरू हप्ता भरतो, वीस वर्षांनी फ्लॅट फुकटात तुझा!" ताईने विचारलं, "मग तुम्ही का नाही घेत?" दाजींनी तुपाची वाटी पुढे ओढली आणि म्हणाले, "माझं आता वय झालं." या उत्तरात सगळा हिशेब होता. मी तेव्हा पोळी खात होतो.

तो हिशेब आता मांडतो. ६० लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता ५२,०६९ रुपये. भाडं २० हजार. भाडेकरू हप्ता भरतो हे खरं, फक्त पाचांतले दोन आणे. उरलेले तीन आणे मालक भरतो. शिवाय फ्लॅट घेतानाच ७ टक्के मुद्रांक शुल्काचे सव्वापाच लाख आणि नोंदणीचे ३० हजार रोख गेले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने या बेताच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते आणि किमतीत हे सरकारी देणं धरत नाही. म्हणजे मालक व्हायच्या आधीच माझे वीस लाख पंचावन्न हजार संपले होते. नशीब, फ्लॅट तयार होता, त्यामुळे जीएसटी वाचला. बांधकाम चालू असतं तर आणखी ५ टक्के.

पहिला हप्ता गेला त्या दिवशी बँकेचं विवरण उघडलं. ५२,०६९ पैकी व्याज ४२,५०० आणि मुद्दल ९,५६९. वर्षभर सव्वासहा लाख भरले आणि कर्ज एक लाख एकोणीस हजारांनी खाली आलं. एवढ्यात माझं कपाटसुद्धा स्वतःचं झालं नसेल. त्यात दर बदलता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा कित्येकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. माणूस साठीला टेकतो, कर्ज अजून ऐन तारुण्यात.

भाड्याचे वीस हजार तरी पूर्ण हाती येतात का? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. भाडेकरू बदलताना महिना रिकामा जातो, म्हणून वर्षाचं भाडं अकरा महिन्यांचं धरा: दोन लाख वीस हजार. सोसायटीची देखभाल ३६ हजार. घरपट्टी १४ हजार. स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिका ४० टक्क्यांची सवलत देते. भाड्याने दिलं की ती गेली. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क ३ हजार. दलाली, रंग, नळ, कॉइल मिळून १७ हजार. उरले दीड लाख. महिन्याला साडेबारा हजार. ७५ लाखांवर २ टक्के. बचत खात्याशी तुलना मी करणार नाही. पण बचत खात्याची कॉइल जात नाही.

बाकीचे साडेएकोणचाळीस हजार दर महिन्याला माझ्या पगारातून जातात. म्हणजे खराडीत नोकरी करणाऱ्या दोन मुलींना चांगलं घर मिळावं म्हणून मी महिन्याला चाळीस हजारांची वर्गणी देतो. दानशूर म्हणून कुठे फलक लागला नाही एवढंच.

दाजी म्हणतात, "अरे, भाडं वाढतं ना दरवर्षी!" वाढतं. समजा, न चुकता दरवर्षी ५ टक्के वाढलं. मग हे भाडं हप्त्याला कधी गाठेल, म्हणून मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. विसाव्या वर्षी भाडं ५०,५३९. हप्ता अजून दीड हजारांनी पुढे. एकविसाव्या वर्षी भाडं ५३,०६६. गाठलं! फक्त कर्ज विसाव्या वर्षीच फिटलेलं असतं. दाजींची गाडी स्टेशनात येते तेव्हा प्रवासी चालत घरी पोचलेला असतो.

आता इतिहासाचं थोडं. मालक हा शब्द पुण्यात पूर्वीही फार सुखाचा नव्हता. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. पेठांमधले वाडे त्याखाली पिढ्यान्‌पिढ्या भिजत राहिले. भाडं महिना ३० रुपये, कौल बदलायचं तर मजुरी त्याच्या कैक पट. मालकाने कौल बदललं नाही, भाडेकरूने जागा सोडली नाही आणि वाड्याने दोघांचीही वाट न पाहता एका पावसाळ्यात निकाल दिला. नवा कायदा आला १९९९चा, लागू ३१ मार्च २०००पासून. त्याने जुन्या मालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढ दिली. ३० रुपयांवर ४ टक्के म्हणजे एक रुपया वीस पैसे. वाड्याच्या मालकाने त्या वीस पैशांचं काय केलं, हे विचारू नये.

यातून सुटायला निघाला 'लिव्ह अँड लायसन्स'. भाडेकरू म्हणायचंच नाही. राहायची परवानगी दिली, मुदत संपली की परवानगी संपली. पण १९७३मध्ये सरकारने दुरुस्ती केली आणि त्या वर्षी १ फेब्रुवारीला जो लायसन्सवाला घरात होता, तो रातोरात कायद्याचा भाडेकरू झाला. तेव्हा बसलेली धडकी मराठी घरमालकाच्या छातीत अजून धडधडते. तो एक खोली रिकामी ठेवील, तिथे झुरळं पाळील, पण चार वर्षांचा करार म्हटलं की पाणी मागतो.

म्हणून अकरा महिने. हा अकराचा आकडा म्हणजे आमची सोवळ्याची वाटी. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला केंद्राच्या कायद्यात नोंदणी सक्तीची नव्हती, त्यावरून ही प्रथा पडली. महाराष्ट्रात १९९९च्या कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार नोंदवायलाच लावला, महिने अकरा असोत की तीन. मुद्रांक शुल्काचा स्वस्त दरही साठ महिन्यांपर्यंत चालतो. तरी आम्ही अकराच लिहितो आणि दर अकराव्या महिन्याला एजंटाला पैसे देतो.

आणि नोंदवतो तरी का सगळे? "कशाला खर्च? नुसत्या स्टॅम्पवर लिहून टाकू," हा मालकांचा आवडता मंत्र. खर्च किती? माझ्या करारावर मुद्रांक शुल्क पाचशे-सहाशे रुपये, नोंदणी फी हजार. एक मुलगा अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, सोफ्यावर बसतो, आपले अंगठे घेतो, चहा घेतो आणि जातो. हे वाचवून मालक काय कमावतो? नोंदणी नसेल तर ती चूक मालकाची. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि करार किती काळाचा, कोणत्या अटींवर, यावर वाद झाला तर उलट काही सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल ते खरं. उलट करार नोंदवलेला असला आणि मुदतीनंतर जागा सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि रिकामी होईपर्यंत दुप्पट रक्कम मागता येते. पंधराशे रुपयांत एवढा विमा दुसरीकडे मिळणार नाही. तरी नुसता स्टॅम्प. चार आण्याची कोंबडी असती तर समजू शकलो असतो, ही ७५ लाखांची आहे.

आता माझं पाप सांगतो. जाहिरात दिली तेव्हा दलाल म्हणाला, "शाकाहारी कुटुंबाला प्राधान्य, बॅचलर नकोत, असं टाकू. तसंच टाकतात." मी मान हलवली. आमच्या घरी रविवारी सुरमई असते. फ्लॅटमध्ये बॅचलर राहिले तर भिंतींना काय होतं, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. पण कर्जाच्या ओझ्याखाली वाकलेल्या माणसालाही कुणावर तरी मालकी गाजवायची असते. बँकेपुढे जमत नाही, म्हणून भाडेकरूपुढे. कुणी फोन केला की दलालाचा पहिला प्रश्न आडनावाचा. मी तो ऐकला आणि गप्प बसलो. हे लिहिताना चांगलं वाटत नाही, म्हणून लिहितो आहे.

दोन महिने शाकाहारी कुटुंब आलं नाही. हप्ते मात्र दोन आले. मग मला अचानक पुरोगामी विचार सुचू लागले.

दोघी मुली घर बघायला आल्या. एक नागपूरची, एक सांगलीची. मी मुलाखत घ्यायच्या तयारीने गेलो होतो, शर्ट इस्त्रीचा. मुलाखत त्यांनी घेतली.

"काका, पाणी किती तास?"

"सकाळी दीड तास, संध्याकाळी..."

"महापालिकेचं की टँकरचं?"

"दोन्ही. आणि बोअर."

"उन्हाळ्यात टँकरचं जादा बिल आलं तर कुणी भरायचं?"

मी घसा खाकरला. तेवढ्यात लोहगावच्या तळावरून उडालेलं सुखोई डोक्यावरून गेलं. खिडकीच्या काचा थरथरल्या, तिघंही थांबलो. नागपूरकरीण वर बघत म्हणाली, "हे रोज?" मी म्हणालो, "देशसेवा आहे." ती हसली नाही. भाड्यातून दोन हजार कमी झाले. जाहिरातीत बावीस होतं, ते वीस झालं. भाव करताना भारतीय हवाई दलही माझ्या बाजूने नव्हतं.

मग सांगलीकरणीने नळ सोडला, तोटीचं तोंड बोटाने चाचपलं. पांढरा खर हाताला लागला. "पाणी जड आहे, काका. गिझरचं बघून घ्या." मी हसण्यावारी नेलं. तो रविवारचा फोन तिथूनच निघाला होता.

मुली ठरल्या, तशी सोसायटी जागी झाली. सेक्रेटरी म्हणाले, "कमिटीचा ठराव आहे, बॅचलर नाही." मी नम्रपणे विचारलं, उपविधीत कुठे आहे? भाडेकरू ठेवला तर सभासदाने सोसायटीला कळवावं, असं त्यात आहे. भाडेकरूचं लग्न लावून द्यावं असं नाही. ते म्हणाले, "मग बिनभोगवटा शुल्क वाढवू." ते वाढवता येत नाही. राज्य सरकारने २००१ साली आदेश काढून हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर बांधून टाकलेलं आहे. मी आदेशाची प्रत दिली. सेक्रेटरींनी ती घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "बरं, पोलिसांत माहिती दिली का?" दिली होती. शहरात पोलिसांच्या आदेशाने भाडेकरूची माहिती देणं मालकावर बंधनकारक असतं, न दिली तर गुन्हा मालकावर. मी पावती दाखवली. ते म्हणाले, "गाडी कुठे लावणार?" मी चेअरमनच्या भावाच्या गाडीकडे बोट दाखवलं. विषय तिथे संपला.

कर सल्लागाराकडे गेलो तर तिथेही दाजी भेटले, म्हणजे त्यांचा सल्ला भेटला. "दुसऱ्या घराच्या कर्जाचं पूर्ण व्याज पगारातून वजा होतं, टॅक्स वाचतो," असं दाजी छाती ठोकून सांगतात. खरं होतं, मार्च २०१७पर्यंत. त्यानंतर घराचा तोटा पगारातून वर्षाला दोन लाखांपर्यंतच वजा करता येतो. माझं बघा. भाडं २,२०,०००, वजा घरपट्टी १४,०००. उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट, कॉइल जावो अथवा राहो. राहिले १,४४,२००. पहिल्या वर्षाचं व्याज ५ लाख ५ हजार. तोटा ३ लाख ६१ हजार. जुन्या करपद्धतीत त्यातले दोन लाख पगारातून वजा, बाकीचे पुढच्या आठ वर्षांत फक्त घराच्या उत्पन्नातून. आणि पुढची वर्षंही तोट्याचीच. नव्या पद्धतीत पगाराला हातही लावता येत नाही. आणि काही सांगितलं नाही तर आता नवीच पद्धत लागू होते. दाजींचा सल्ला आणि सरकारचा नियम यांची गाठ २०१७पासून पडलेली नाही.

आता दाजींचा धाकटा. तो माझा भाचा, बेंगळुरूत नोकरी करतो, तिथे भाड्याने राहतो. मागच्या महिन्यात त्याने घर बदललं आणि रात्री फोन केला. "मामा, मालकाने डिपॉझिटमधून पूर्ण महिन्याचं भाडं कापलं. म्हणे रंगकाम. भिंतीवर एक खिळासुद्धा मारला नव्हता मी! लुटारू आहेत हे लोक."

मी "हो ना, लुटारूच" म्हणालो आणि आवाज जरा बारीक झाला. कारण त्याच आठवड्यात धानोरीची नागपूरकरीण लग्न ठरलं म्हणून जागा सोडून गेली होती. तिच्या वाट्याचे ३० हजार डिपॉझिट. त्यातले २० हजार मी कापले होते. कारण? रंगकाम. करारात लिहिलं होतं, दलालाने लिहिलं होतं, सगळेच लिहितात. भाच्याने विचारलं, "मामा, एका खोलीच्या रंगाला एवढे लागतात का हो?"

फोन ठेवला. रंगाऱ्याचं बिल काढलं. हॉलची एक भिंत आणि एक खोली, ८ हजार. रात्री साडेदहाला मुलीला १२ हजार परत पाठवले, बिलाचा फोटो जोडला. तिचं उत्तर आलं: "थँक्यू काका. गिझर बघून घ्या." तीन महिन्यांत हे मी दुसऱ्यांदा ऐकत होतो. मी पुन्हा दुर्लक्ष केलं.

भाचा तिकडे कुणाच्या तरी हप्त्यातले पाचांतले दोन आणे भरतो, मी इकडे कुणासाठी तरी तीन आणे भरतो. बेंगळुरूचा मालकही आपल्या दाजींचं ऐकून फसला असणार. मामा मी एकटाच नाही, हे कळलं की जरा बरं वाटतं.

"पण किंमत वाढते, ते धर की!" दाजी अजून हटत नाहीत. धरू. किंमत वाढते हे खरं, पुण्यात कित्येकांची भरपूर वाढली. पण वीस वर्षांनी माझा फ्लॅट वीस वर्षांचा जुना असेल, शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर जिम आणि पोहण्याच्या तलावासकट चार नवे टॉवर उभे असतील आणि गिऱ्हाईक आधी तिकडे जाईल. विकला तर नफ्यावर कर. जुलै २०२४नंतर तो साडेबारा टक्के, महागाईची सूट न धरता. आलेलं भाडं वजा न करता हप्ते, सुरुवातीचे पैसे आणि सरकारी देणं धरून तोवर एक कोटी पंचेचाळीस लाख गेलेले असतील. आणि मुख्य म्हणजे मराठी माणूस घर विकतो कधी? "राहू दे, पोरांना होईल." पोरं तोवर बेंगळुरूत स्वतःचा हप्ता भरत असतात.

यावरून कुणी घर घेऊ नये असा अर्थ काढू नका. राहायला घर घ्या, त्याचा हिशेब निराळा; तिथे भाडं वाचतं आणि झोप लागते. भाड्याला द्यायलाही घ्या. फक्त आधी एक गणित करा. पाच मिनिटं लागतात, दाजींच्या पुरणपोळीपेक्षा कमी.

त्या इमारतीत आज प्रत्यक्ष किती भाडं मिळतं, ते दलालाला नव्हे, तिथल्या भाडेकरूला विचारा. ते अकराने गुणा. त्यातून देखभाल, घरपट्टी, बिनभोगवटा शुल्क आणि दुरुस्ती वजा करा. बाराने भागा. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांच्या कर्जाला दर लाखामागे ८६८ रुपये हप्ता पडतो, म्हणून शेवटी ८६८ने भागा. जो आकडा येईल तितक्या लाखांचं कर्ज तो फ्लॅट स्वतःच्या पायावर पेलतो. त्याच्या वरचं कर्ज भाडेकरू फेडत नाही, तुमची बायको फेडते, मुलांची सुट्टीतली सहल फेडते, तुमचा रविवार फेडतो. शिवाय सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढून ठेवा. घर रिकामं असलं तरी बँकेची तारीख रिकामी नसते. हाताशी जादा पैसे आले की मुद्दल फेडा. बदलत्या दराच्या घरकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड बँक लावू शकत नाही. आणि कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद मागून घ्या. त्यापुढे बँकेकडून उशीर झाला तर दिवसाला पाच हजार तिने तुम्हाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आयुष्यात एकदाच बँक तुमची भाडेकरू होण्याची ती संधी.

मी हे गणित कॉइल बदलून झाल्यावर, प्लंबरला अठराशे रुपये देऊन, ओल्या बाथरूमच्या उंबऱ्यावर उभं राहून केलं. साडेबारा हजार भागिले ८६८. आलं १४.४. माझा फ्लॅट साडेचौदा लाखांच्या आतबाहेरचं कर्ज पेलतो.

बँकेने ६० लाख दिले. माझ्या पगाराच्या तीन स्लिपा पाहिल्या, तीन वर्षांची विवरणपत्रं पाहिली, सही तीनदा ताडून पाहिली. फ्लॅटला भाडं किती येईल, हे अर्जात कुठे विचारलंच नव्हतं.